तात्यांसाठी थांबलेली मोटार

बारामतीच्या एसटी स्टँडवर सुप्रिया इंदापूरच्या गाडीची वाट बघत बसली होती. शुक्रवारी तिला नवऱ्याकडं जर्मनीला जायचं होतं आणि परक्या मुलखात एकटीनं कसं वावरायचं, याची तिला धास्ती होती. शेजारच्या बाकावर सणसरचे कुंडलिकतात्या शकुबाईंना काहीतरी सांगत होते. तात्या जर्मनीतच लेकीकडं तीन महिने राहून परवाच परतले होते.

“मी आपला रस्त्याच्या कडंला पांढऱ्या पट्ट्यांपाशी उभा. तर एक मोटार येऊन म्होरंच थांबली.”

“वळखीची, तात्या?”

“मलाबी तसंच वाटलं. म्हणून काचंपाशी गेलो. म्हनलं, राम राम, कुठलं पाव्हणं?”

“मराठीत?”

“मग आता कशात? तो नुसता हात दावतोय, जा म्हणून. म्हनलं, वळख न्हाय तर थांबलास कशाला बाबा?”

“हॉर्न न्हाय वाजवला?”

“तितं हॉर्न वाजवत न्हाईत, शकुबाई. कडंला माणूस दिसला की गाडी थांबते. शेवटी बिचारा खाली उतरला, दंडाला धरून मला पलीकडं सोडून आला अन् हात हलवून निघून गेला.”

“बरं झालं की मग.”

“काय बरं? लेकीचं घर अलीकडं होतं!”

शकुबाईंनी तोंडाला पदर लावला. सुप्रियाला मात्र राहवलं नाही. ती पुढं सरकली.

“मग परत कसं आला, तात्या?”

“त्यात काय, पोरी? कडंला उभा ऱ्हायलो. दुसरी मोटार थांबली.”