सातव्या कुंपणावरची बाई

ऐका गं बायांनो. माझ्या धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं, आणि माझी कूस तेव्हा रिकामी. तोंडून एक वाईट शब्द गेला. कोणता ते विचारू नका. त्याचं पाप फिटावं म्हणून मी सोळा सोमवार मौन धरलं. पुढे देवाने लेक दिली. तिच्या बाळंतपणाला नॉर्वेला गेले, तेव्हा शेजारच्या गुनवर आजींनी आपल्या तरुणपणची गोष्ट सांगितली.

तिकडे जूनमध्ये सांक्तहान्सचा सण. रात्र म्हणायची, पण अंधार नाहीच. आपल्याकडे दिवेलागणीला असतो ना, तसला उजेड रात्रभर. समुद्रकाठी होळी पेटवतात. लग्नाच्या पोरी सात कुंपणं ओलांडून सात रानफुलं तोडतात, उशाखाली ठेवतात, म्हणजे स्वप्नात नवरा दिसतो. अट एकच. घरी पोचेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही.

गुनवर निघाली ती जळफळत. तिच्या मनात भरलेला आयविंद होळीभोवती तिच्या धाकट्या बहिणीबरोबर, लिव्हबरोबर, नाचत होता.

एक फूल झालं, दोन झाली. तिसऱ्या कुंपणाला मागून आईची हाक आली. ही गप्प. पाचव्याला तान्हं रडलं. जीव तुटला हो, तरी गप्प. सातव्या कुंपणावर एक बाई बसलेली. गोरीपान, कमरेएवढे केस. आणि परकराखाली, ऐका, गाईची शेपटी हलत होती. हुल्ड्रा म्हणतात तिला. डोंगराच्या पोटात राहते.

म्हणाली, "बहिणीचं नाव तेवढं घे गं. तिला मी डोंगरात नेते. तो तुझा."

नाव दाताशी आलं. आजी मला म्हणाल्या, "मी घेणारच होते." मग काय सुचलं कोण जाणे, हातातली सहाही फुलं तिने तोंडात कोंबली नि करकचून चावली. कडूजहर. तशीच पळत सुटली. मागे ती बाई लिव्हच्याच आवाजात हसत होती. हसू मानेशी आलं, वेणीला ओढ बसली, आणि हिने घराचं दार लावून घेतलं.

आत लिव्ह गाढ झोपलेली. केसांना होळीच्या धुराचा वास.

आयविंद लिव्हचाच झाला. लग्नात तिच्या केसांत फुलं गुनवरनेच माळली. तोंड तेव्हाही कडूच होतं म्हणाल्या आजी.

त्या जळफळाटाच्या वाटेला कधी जाऊ नका, कुणी कितीही गोड बोलावलं तरी. आणि येत्या सोमवारपासून, कुणाचं बरं झालेलं पाहून पोटात दुखलं की माझ्यासारखं मौन धरा. एवढं माझं ऐका.