निळ्या दोऱ्याची शिवण

मुलगा: आई, इथे नको. पलीकडे दुसरं चप्पल स्टँड आहे. तिथे गर्दी कमी असते.

आई: अडीचशे पायऱ्या चढून माझ्या गुडघ्यांची पार वाट लागलीये, आणि आता चपला ठेवायला आणखी लांब चालू म्हणतोस? सूनबाई आणि छकुली रांगेत पोचल्यासुद्धा. काढ तुझे बूट.

स्टँडवाला: द्या मावशी. हा तुमचा बिल्ला, हा साहेबांचा. सांभाळा बरं का. बिल्ल्याशिवाय इथून चप्पल परत मिळत नाही, साक्षात देव खाली उतरला तरी.

आई: भाऊ, त्या वरच्या फळीवर, कोपऱ्यातला तो जोड जरा काढा.

स्टँडवाला: तो दुसऱ्यांचा आहे मावशी. ठेवून गेलेत.

मुलगा: आई, चल ना. रांग वाढतेय.

आई: डाव्या पट्ट्याला निळ्या दोऱ्याची शिवण आहे की नाही, तेवढं सांगा. घरातला काळा दोरा संपला होता, म्हणून मी निळ्याने शिवली. हे मला म्हणाले, चपलेला नटवतेस कशाला, तिला काय बघायला येणारेत?

स्टँडवाला: आहे. निळीच आहे.

आई: कधीपासून आहे हा जोड इथे?

स्टँडवाला: वर्ष होईल. शनिवार होता, असाच दुपारचा.

आई: बाळा, तू तर म्हणालास, बाबांच्या पायात चपला होत्या.

मुलगा: मला वाटलं तसं. एवढ्या गर्दीत कोण बघतं पायांकडे?

आई: वर्षभर मी दोनच गोष्टींच्या आधारावर झोपतेय. गेले कुठे ते देव जाणे, पण पायात काहीतरी आहे. आणि जायच्या आधी दर्शन झालंय. दर्शन करून पायऱ्या उतरताना गर्दीत हात सुटला, असं सांगितलंस तू.

स्टँडवाला: दर्शन?

मुलगा: तुम्ही तुमचं काम करा हो.

स्टँडवाला: काम चुकलं माझं साहेब, म्हणूनच तोंड उघडतोय. मघाशी पायरी चढलात तेव्हाच तुम्हाला ओळखलं. तुम्ही मान फिरवलीत, म्हणून मीही गप्प बसलो.

आई: बोला भाऊ. मी खंबीर आहे.

स्टँडवाला: साहेबांनी दोन जोड दिले, दोन्ही बिल्ले खिशात टाकले. काकांना त्या समोरच्या कट्ट्यावर बसवलं. म्हणाले, बाबा, इथून हलायचं नाही, मी आलोच. आणि एकटेच वर गेले.

आई: एकटाच?

मुलगा: आई, त्यांना फरशी पोळत होती. दर चार पावलांवर विचारायचे, आपण कुठे आलोय, घरी कधी जायचं. मी उत्तरं देऊन देऊन थकलो होतो. रांग तासाभराची, चारची बस. म्हटलं, पटकन जाऊन येतो.

आई: मी गुडघ्यांपायी खाली राहिले, ते यांना दर्शन घडावं म्हणून. तुला घडावं म्हणून नव्हे.

मुलगा: चुकलं माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं. खाली तू पहिलं तेच विचारलंस, दर्शन झालं का त्यांचं. माझ्या तोंडून हो निघून गेलं. मग ते परत घेता येईना.

आई: पुढे सांगा भाऊ.

स्टँडवाला: बराच वेळ शहाण्यासारखे बसले. मग उठून माझ्याकडे आले. म्हणाले, ती माझी चप्पल, मला घरी जायचंय. मी म्हटलं, बिल्ला द्या. खिसे चाचपले बिचाऱ्यांनी. परत जाऊन बसले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आले तेव्हा फळीकडे बोट दाखवून म्हणाले, तो निळा दोरा बघा, आमच्या हिने शिवलीये.

आई: असं म्हणाले?

स्टँडवाला: अगदी असंच.

आई: तेव्हा मला घरात ताई म्हणून हाक मारायचे ते. मी कोण लागते, ते पार पुसून गेलं होतं. आणि तुम्हाला म्हणाले, आमच्या हिने.

स्टँडवाला: मला कळायला हवं होतं. पण नियम म्हणजे नियम, तो डोक्यात बसलेला. मी पुन्हा बिल्ला मागितला. चौथ्यांदा आलेच नाहीत. त्या मागच्या उतारावर चालत जाताना पाठमोरे दिसले, अनवाणी. म्हटलं, सावलीला निघाले असतील.

आई: शोधणारे आले तेव्हा हे सांगितलंत?

स्टँडवाला: नाही. म्हटलं, रोज हजार पाय बघतो, तोंडं कोण लक्षात ठेवतं? नोकरी जाईल म्हणून घाबरलो. ते बसरस्त्याकडे शोधत राहिले.

मुलगा: चार दिवस. मीही होतो त्यांच्यात.

स्टँडवाला: तेव्हापासून जोड वर ठेवलाय. दर सोमवारी पुसतो. पण मावशी, शनिवार आला की तळाला माती असते. तांबडी. इथे सगळीकडे फरशी आहे. तांबडी माती फक्त मागच्या उतारावर.

मुलगा: वाऱ्याने उडून येत असेल.

स्टँडवाला: असेल साहेब. वारा फळीवरच्या चपलेच्या तळाला कसा लागतो, तेवढं मला कळत नाही. हात लावून बघा मावशी. आज शनिवारच आहे.

आई: ओली आहे.

मुलगा: आई, खाली ठेव ती. प्लीज.

आई: यांचा बिल्ला कुठे आहे?

(मुलगा पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून बिल्ला काढून तिच्या तळहातावर ठेवतो.)

आई: एकशे चौदा. वर्षभर जवळ बाळगलास.

मुलगा: टाकवेना, आणि परत करायला यायची हिंमत होईना. डोळे मिटले की तो कट्टा दिसतो. मी धावत येतो आणि कट्टा रिकामा असतो. आई, आपण चपला घरी नेऊ. इथे नकोत.

स्टँडवाला: न्या मावशी. आता बिल्लाही आहे.

आई: नको. घरी नेल्या आणि हे इथे आले, तर? भाऊ, वर नको, खालच्या फळीवर ठेवा. हाताला येतील अशा.

मुलगा: आणि तू?

आई: तू वर जा. छकुली वाट बघत असेल. तिचा हात सोडू नकोस. मी कट्ट्यावर बसते.

मुलगा: मी आलोच, आई.

आई: तसं म्हणू नकोस. नुसता ये.

स्टँडवाला: मावशी, हा एकशे चौदाचा बिल्ला तुमच्याकडेच राहू दे का?

आई: नको, ठेवून घ्या तुम्ही. आणि कुणी येऊन निळा दोरा दाखवला, तर त्यांच्याकडे मागू नका.