दोन डाव्या बाह्या

आई : काढ तो कोट आधी. लोक हसत असतील तुला.

लेक : प्रयोगशाळेत कोण बघतंय, आई? सगळ्यांचे डोळे पानांत.

आई : दोन्ही बाह्या डाव्या कापल्या गं मी! चाळीस वर्षं शिवतेय, असं कधी झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता पहिल्यासारखं दिसायचं नाही. पाचला येतोय माणूस, मशीन न्यायला.

लेक : विकलंससुद्धा?

आई : शब्द दिलाय. डोळे गेल्यावर कशाला नासायचं लोकांचं कापड?

लेक : बरं. आलीच आहेस तर हे बघ, सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर. एवढं दिसतंय ना?

आई : हिरवे मणी दिसतायत. जपमाळ तुटून सांडल्यासारखे.

लेक : ही पानातली एकच पेशी. मणी म्हणजे हरितलवकं, उन्हावर अन्न करणारी. काल दिवसभर प्रखर दिव्याखाली ठेवलं होतं पान. काही मणी भाजले.

आई : का छळतेस मुक्या जिवाला?

लेक : पुढे ती काय करते ते बघायला. तो फिकट बघ. तसाच राहिला तर अख्खी पेशी नासवेल.

आई : मग पान गळतं?

लेक : नाही ना! पेशी तेवढ्याच मण्यावर खूण करते...

आई : खडूची.

लेक : खडूचीच समज. मधली ही मोठी पिशवी पाण्याची. तिच्यात तो ढकलायचा, विरघळवायचा. बाकीचे मणी आपलं काम करत राहतात.

आई : आणि विरघळलेलं वाया?

लेक : छे! तुझीच बहीण शोभेल. कातरणसुद्धा टाकत नाही. नव्या पानाला पुरवते.

आई : कोणता मणी काढायचा, हे कोण सांगतं गं तिला?

लेक : थोडं कळलंय. पुष्कळ कळायचंय.

आई : त्या वरच्यालाच ठाऊक.

(आई पडद्यावरून लेकीच्या कोटाकडे वळते.)

आई : इकडे ये. हात वर कर. ही डावी बाही काय सुरेख बसलीय!

लेक : मी कधी म्हटलं कोट वाया गेला म्हणून?

आई : उजवी तेवढी उसवायची. तिच्या कापडाचा आतून खिसा होईल. नवी बाही बेतताना खूण तू कर, चांगली ठळक.

लेक : आणि पाचचा माणूस?

आई : फोन लाव त्याला. म्हणावं, म्हातारीनं शब्द मोडला, देवाची माफी ती मागेल, तुमची मी मागते.

लेक : खरंच लावू?

आई : लाव. आणि घरी आलीस की सुई तेवढी ओवून दे.