उमरेडच्या बोअरचे गोटे

मधुकरराव: आकडे कुठे गेले, जागेश्वर? प्रत्येक दगडावर लाल पेन्सिलीनं आकडा होता. जमिनीत किती फुटांवरून निघाला त्याचा.

जागेश्वर: होता साहेब. काल संध्याकाळी म्या सोता पायला.

मधुकरराव: मग आज?

पंचफुला: म्या धुतले.

मधुकरराव: काय?

पंचफुला: राखेनं घासले, नारळाच्या शेंडीनं. सारेच्या सारे गोटे. पहाटपासून लागली आहो. तुमीच तं काल म्हणून गेले, मोठे साहेब येऊन राहिले, सारं लख्ख दिसलं पायजे.

मधुकरराव: अहो, गोदामाचं म्हणालो मी! जमीन झाडा, जाळी काढा!

जागेश्वर: सारं लख्ख, असंच म्हणले साहेब तुमी. मी होतो ना तिथं.

मधुकरराव: आणि पेट्यांतून बाहेर कोणी काढले? अकरा पेट्यांत ओळीनं लावले होते. आता काळे इकडे, लाल तिकडे, पांढरे त्या भिंतीला!

पंचफुला: रंगारंगाचे लावले. आमी उमरेडचे कोष्टी, साहेब. सूत रंगावारीच ठेवतो. मले वाटलं, साहेबाले बरं दिसन.

मधुकरराव: काय केलंत हो बाई हे! आठ महिने बोअर मारली उमरेडला. तीनशे फूट जमीन वर काढली. तुम्ही एका सकाळीत तिचा सगळा गोपाळकाला केलात.

पंचफुला: माय वं!

जागेश्वर: रडू नको वं, आता रडून काय होते? साहेब, बारा वाजता जीप येते. मोठे साहेब आज माह्या कागदावर सही करनार होते. कायम व्हाच्या. तीन वर्षं झाले, कच्चा चौकीदार आहो मी. घरचा माग मोडून हिले घेऊन आलो नागपूरले. गोदामामागची खोली गेली तं जाऊ कुठं आमी?

मधुकरराव: तुझी एक सही जाईल. माझी नेमणूकही कच्चीच आहे, ठाऊक आहे? त्या आकड्यांचं रजिस्टर साहेबांच्या बॅगेत आहे. फूट न् फूट ताडून बघणार ते.

जागेश्वर: तुमाले आठवत नाई का कोनता कुठं होता?

मधुकरराव: एवढे दगड कोणाला आठवतात? पण थांब. थर आठवतात. थर डोक्यात आहेत माझ्या. किती वाजले?

जागेश्वर: सव्वानऊ.

मधुकरराव: तो काळा कातळ उचल. सगळ्यात वर तो. पहिली पेटी, दुसरी पेटी.

पंचफुला: हा? ह्याले तं भोकंच भोकं आहे.

मधुकरराव: वाफेची भोकं ती. जमीन फाटली, आतून तापलेला रस वाहत आला आणि थंड झाला. सहा कोटी वर्षं झाली.

जागेश्वर: आमच्या उमरेडात?

मधुकरराव: उमरेडात, सीताबर्डीच्या टेकडीवर, पार मुंबईपर्यंत. नुसती आग.

पंचफुला: अन् मानसं?

मधुकरराव: माणूस जन्मलाच नव्हता. झाडं होती, जनावरं होती, ती गेली. आता पांढरट दगड आणा. चुन्याचा. तळ्याकाठचा चिखल होता हा. घराएवढे सरडे यायचे तिथं पाण्यावर.

जागेश्वर: साहेब, हात जोडतो. गोष्ट नका सांगू, गोटा सांगा!

मधुकरराव: गोष्ट आठवली तरच दगड लागतो, जागेश्वर. माझ्याजवळ दुसरं आहे काय? बरं, त्याच्याखाली लाल वाळूचा दगड. नद्यांची वाळू. मग करडा, पानांचा.

पंचफुला: पानाचा म्हंजे हा का? ह्याच्यावर पान आहे. लांबट, जिभेसारखं. म्या लय घासलं, निघालंच नाई.

मधुकरराव: कसं निघेल? वीस-पंचवीस कोटी वर्षं बसलंय ते तिथं.

पंचफुला: मले वाटलं डाग आहे.

मधुकरराव: दलदल होती सगळी. अशा पानांची उंच झाडं, मैलच्या मैल. पडली, कुजली, गाडली गेली. आणि तळाला हा हिरवट, गोल खडे अडकलेला. हे खडे बर्फानं ओढत आणले.

जागेश्वर: बर्फ? आपल्या इकडे? घामानं डोये चुरचुरून राहिले माहे, अन् तुमी बर्फ सांगता!

मधुकरराव: होता. सगळं होतं इथं, आणि काहीच टिकलं नाही. लाल दगड किती आहेत?

जागेश्वर: चाळीसेक असतीन.

मधुकरराव: संपलं मग. ते सगळे एकसारखे. त्यांतला वरचा कुठला, खालचा कुठला, ब्रह्मदेवाला सांगता येणार नाही.

पंचफुला: एकसारखे काहून? मोडले कसे, थे पाहा ना. ह्याचं टोक इकडून खचलं आहे. त्याचं थेवढंच वर आलं आहे. बसवा बरं.

मधुकरराव: अरेच्चा, बसलं!

पंचफुला: ताण्यातला धागा तुटला तं त्याचं दुसरं टोक धुंडाच लागते. जलमभर थेच केलं म्या. अवो, सरका तुमी. तुमच्या हातानं नाई व्हाचं.

जागेश्वर: सरकलो बापा. कर तू. पन लवकर कर वं.

मधुकरराव: हा घ्या. हा याच्याखाली? बसला. किती वाजले?

जागेश्वर: अकरा वाजून गेले.

पंचफुला: हे घ्या, लाल सरले. आता पानाचे. मंग हिरवे. झालं ना साहेब? झालं ना?

मधुकरराव: आठवी पेटी अर्धी रिकामी आहे.

जागेश्वर: सारे तं लावले.

मधुकरराव: पानांच्या खाली कोळसा होता. सहा फूट. तो कुठे आहे?

पंचफुला: कोनता? तो हात काळे करनारा?

मधुकरराव: तोच! त्याच्यासाठीच तर बोअर मारली. साहेब त्याच्यासाठीच येतायत. तो धनबादला तपासायला जायचाय.

पंचफुला: तो धुतला तं काळंच पानी सोडे. साऱ्या गोट्याइले डाग पडून राहिले होते. म्हणलं, पेटीत हे जळतन कोनं टाकलं?

जागेश्वर: पंचफुला! काय केलं थ्याचं?

पंचफुला: सिगडीत टाकला.

मधुकरराव: सगळा?

पंचफुला: पानी तापवाले लागे ना. अन् तुमी आले तं तुमचा चहा ठेवला.

मधुकरराव: मी तो चहा प्यालो. देवा! मी दुसरा कप मागितला.

पंचफुला: मी पाय धरीन मोठ्या साहेबाचे. गरम राख आहे आजून, दाखवीन त्याइले.

जागेश्वर: राख काय दाखवतं? साहेब, ऐका. चौकात कोळशाची टाल आहे. धावत जातो, टोकरी घेऊन येतो. कोळसा तो कोळसाच. घासून बाकीच्या गोट्याइसारखा गोल करून देईन. कोनाले समजते?

मधुकरराव: नाही.

जागेश्वर: काहून नाई? पाच मिनिटाचं काम आहे!

मधुकरराव: तो कुठल्या खाणीचा, कसा जळतो, ते सगळं तपासणीत उमरेडच्या नावावर लागेल. त्या भरवशावर शाफ्ट खोदतील, माणसं उतरवतील खाली. खोटा दगड मी ठेवणार नाही पेटीत.

जागेश्वर: अन् आमाले ठेवता का बाहीर? दगडाचा येवढा कळवळा येते तुमाले! आमी जिते मानसं आहो ना साहेब!

मधुकरराव: ओरडू नकोस. मीच म्हणालो होतो सारं लख्ख करा. चूक माझी आहे. मी सांगतो साहेबांना.

पंचफुला: खरंच सांगसान?

मधुकरराव: शब्द देतो.

जागेश्वर: जीप आली. फाटक उघडतो मी.

मधुकरराव: उघड. आणि तुम्ही दोघं खोलीत थांबा. एक अक्षर बोलू नका.

(तासाभरानं. जीप गेली आहे. मधुकरराव खोलीच्या दाराशी उभा.)

जागेश्वर: या साहेब. काय म्हणले?

मधुकरराव: थर बरोबर लागलेत, आकडे रजिस्टरवरून पुन्हा घाला म्हणाले. लाल दगडांत एकही चूक निघाली नाही.

पंचफुला: पाहा! म्या म्हणलं होतं ना? अन् कोळशाचं?

मधुकरराव: विचारलं. पहिलं तेच विचारलं.

जागेश्वर: मंग?

मधुकरराव: सांगायलाच तोंड उघडलं होतं मी. शपथेवर सांगतो. पण ते म्हणाले, याला जबाबदार कोण, त्याला आजच्या आज काढतो. घरी म्हातारी आई आहे, दोन बहिणी आहेत माझ्या मागं. आणि मग तोंडून निघून गेलं, चौकीदारानं जाळला.

पंचफुला: आगं माय! त्याइनं हातबी नाई लावला! जाळला म्या, अन् लख्ख करा म्हणलं तुमी. चला, आत्ता चला मोठ्या साहेबाकडे!

मधुकरराव: कागद फाडला त्यांनी. खोली परवापर्यंत सोडा म्हणाले. जागेश्वर, मी भित्रा निघालो रे. मला काहीतरी बोल. शिव्या दे.

जागेश्वर: हिचं नाव सांगतलं का?

मधुकरराव: नाही. तुझंच.

जागेश्वर: हिचं नाई ना घेतलं कुठं? कागदावर लिवलं गिन तं नाई?

मधुकरराव: नाही रे.

जागेश्वर: मंग ठीक आहे. चाल वं, भांडे काढ बाहीर.