मेजरच्या मापाची गोधडी

कुसुम: मी काही ऐकून घेणार नाही. आज संध्याकाळच्या आत ते बदक या घरातून गेलं पाहिजे.

श्रीकांत: राजहंस.

कुसुम: काय?

श्रीकांत: बदक नाही ते. राजहंस आहे. म्हणजे होता. आता राजहंसी म्हणावं लागेल.

कुसुम: ऐकलंस ऋचा? वर्षभर माझ्या घरात पुरुष म्हणून वावरलं आणि आता माझ्या गोधडीवर अंडी घालून बसलंय. तुझ्या बाबांनी गार्डन रीचच्या बाजारातून आणलं तेव्हा छातीठोकपणे सांगितलं होतं, नर आहे, राखणीला उत्तम. मेजर नाव ठेवलं. मेजर.

ऋचा: आई, मी आत्ता ट्रेनमधून उतरून आली. पाणी तरी दे. तू फोनवर बोललीस, घराचा कब्जा घेतलाय. तुझा जावई तन्मय तिकडे बालीगंजच्या पोलीस थान्याचा नंबर शोधत बसला.

कुसुम: कब्जाच आहे. जा, व्हरांड्यात बघ. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. फक्त पिसं लावलेला.

ऋचा: ओ मा. एवढी फुगली का आहे ती?

श्रीकांत: आठवडाभर तशीच आहे. मी पाण्याचं भांडं दुरून काठीने सरकवतो. डेपोत तेलाच्या टाकीजवळ वावरताना घेतो तेवढी काळजी घेतो.

कुसुम: बघितलंस? घरातली बाई तापाने फणफणली तर हेच विचारतात, चहा कोण करणार.

श्रीकांत: मेजरकडून राखणीच्या कामात कसूर झालेली नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

कुसुम: कसूर? चोर माझे दोन भोपळे घेऊन फाटकातून गेला, तेव्हा मेजर कोथिंबिरीच्या वाफ्यात जेवत होते. कोथिंबीर संपवली, मेथी संपवली, गवती चहा नुसता चावून थुंकला. चावले कुणाला, तर दूधवाल्याला. आणि मला. दोनदा.

ऋचा: पण ती गोधडीवर आलीच कशी? गोधडी कपाटात ठेवायची ना.

कुसुम: शिवत असलेली गोधडी कपाटात कशी ठेवतात गं? जमिनीवर पसरून, कडेने धावदोरा घालत घालत आत यायचं असतं. मी मध्यापर्यंत आले होते. घास घालायचा तेवढा बाकी होता.

ऋचा: कसला घास?

कुसुम: अगं, गोधडी उपाशी बंद करत नाहीत. शेवटचा टाका घालायच्या आधी मध्यावर पोळीचा एक तुकडा ठेवायचा. माझी आई ठेवायची, तिची आई ठेवायची. मी गूळपोळीचा ठेवला आणि सुई आणायला आत गेले.

श्रीकांत: पुढची वस्तुस्थिती अशी, की तो घास मेजरने खाल्ला, जागा पसंत पडली म्हणून बसला आणि बसल्या जागी अंडं दिलं. मग आणखी दिली. सध्या गोधडी उपाशी आणि मेजर बाळंतीण आहे.

ऋचा: तुम्ही लोक चादरीला जेवण देता आणि मग बोलता, पक्षी का आला?

कुसुम: चादर नाही. गोधडी. त्या शेजारच्या घोषबाबूंची बायको पण बघून म्हणाली, ओ मा, की शुंदोर काँथा. मी म्हटलं, तुमची बंगाली काँथा तुमच्या घरी. ही गोधडी आहे.

ऋचा: बरं, गोधडी. उचलू का मी तिला? दोन मिनिटांचं काम.

श्रीकांत: मी तुझ्या जागी असतो तर आधी घड्याळ काढून ठेवलं असतं.

ऋचा: बाबा, काहीतरीच. मेजर, ए मेजर, शोना, ये ना.

(फुत्कार. पंखांची फडफड. स्टूल पडल्याचा आवाज.)

ऋचा: मला चावली.

श्रीकांत: घड्याळाचं सांगितलं होतं.

कुसुम: दाखव हात. काही नाही, लाल झालंय नुसतं. हळद लावते. बघितलंस ना, आईवर काय वेळ आलीये ती? आता घोषबाबू येणार आहेत टोपली घेऊन. त्यांच्याकडे तळं आहे. न्या म्हणावं आणि खुशाल कमळं खायला घाला. परवा माझं चैत्रगौरीचं हळदीकुंकू. बायका काय अंड्यांभोवती रिंगण करून बसणार?

ऋचा: हो, द्या देऊन. पण आई, एक गोष्ट विचारू? ही गोधडी एवढीशी का आहे?

कुसुम: एवढीशी कुठे? ठीक आहे की.

ऋचा: ती मध्ये बसलीये आणि चारी बाजूला फक्त हातभर उरलंय. ही बाबांना येणार नाही. तुला येणार नाही. ही कुणाच्या मापाची आहे?

कुसुम: मेजरच्या.

ऋचा: आई.

श्रीकांत: मी जरा पडवळाला दगड बांधून येतो. वाकडं वाढतंय.

कुसुम: बसा तिथेच. पडवळ कुठे पळून जात नाही.

ऋचा: आई, मी तुला बोलली होती. मी आणि तन्मय दोघांनी मिळून ठरवलं. आम्हाला मूल नको. तू बोललीस, बरं.

कुसुम: मग काय म्हणायला हवं होतं? दुर्गापूजेत, अष्टमीच्या दिवशी, मंडपात, शंभर माणसांच्या पंगतीत, खिचडी वाढून घेता घेता सांगितलंस. माझ्या तोंडात वांग्याचं भजं होतं. गरम. त्यात जेवढं बोलता आलं तेवढं बोलले.

ऋचा: मग भजं गिळल्यावर बोलायचं होतंस. नंतर पूर्ण सहा महिने होते. तू एक शब्द नाही बोललीस आणि इकडे लपून लपून गोधडी शिवतेस. हे बोलण्यापेक्षा वाईट आहे.

कुसुम: लपून? भर व्हरांड्यात बसून शिवत होते. आणि काय गं, शिवायला तुमची परवानगी लागते का आता? बरं म्हटलं म्हणजे तोंडाने म्हटलं. हातांना कोण सांगणार? फाल्गुन सरला, सुती साड्या मऊ झाल्या, हात आपोआप कात्रीकडे जातात.

ऋचा: आणि मापपट्टीकडे पण आपोआप जातात?

श्रीकांत: हा मुद्दा योग्य आहे.

कुसुम: तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?

श्रीकांत: मी पडवळाच्या बाजूने होतो. तू जाऊ दिलं नाहीस.

ऋचा: बाबा, तुला माहीत होतं?

श्रीकांत: माप बघून अंदाज आला होता. विचारलं नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एक शिकलोय, जी फाईल आपल्या टेबलावर आलेली नाही ती उघडायची नाही.

ऋचा: छान. या घरात कुणी कुणाला काही विचारत नाही. फक्त पक्षी बोलतो. ती सुद्धा चावून.

श्रीकांत: पक्ष्यावरून आठवलं. डेपोत एकाकडे हंस आहेत, त्याला मी विचारलं. जोडीला नर नसेल तर त्या अंड्यांतून काही निघत नाही. तीस दिवस बसू दे, नाहीतर तीनशे.

कुसुम: मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे ते. लहानपणी आमच्याकडे कोंबड्या होत्या.

ऋचा: तुला माहीत होतं? मग आठ दिवस तिला बसू का दिलंस? तू तर एवढी रागावली आहेस. रिकामी अंडी आहेत, उचलून टाकून द्यायची ना.

कुसुम: ती बाहेर पडत नाही. पडली तर एवढंसं पाणी पिऊन परत. पिसं उपटून खाली घातलीत तिने, स्वतःची. कुणी सांगायचं तिला?

ऋचा: तू सांग.

कुसुम: मला नाही जमत. तू सांग. तुला सांगता येतं. खिचडी वाढता वाढता येतं.

ऋचा: हे चुकीचं बोललीस आई.

कुसुम: असेल चुकीचं. तोंडात भजं नाहीये आज.

श्रीकांत: चहा टाकू का? मी टाकतो.

ऋचा: थांब बाबा. मला एक सांगा. माझी कुठे आहे?

कुसुम: काय तुझी?

ऋचा: गोधडी. मी लहान होती तेव्हाची. फोटोत नाही, कपाटात नाही. मी कधी बघितलीच नाही. कुठे आहे?

कुसुम: तुझ्या वेळी राहून गेली.

ऋचा: राहून गेली म्हणजे?

श्रीकांत: विशाखापट्टणमची बदली आली. तू बारा दिवसांची होतीस.

कुसुम: अर्धीअधिक झाली होती. सुंदर होती, माझ्या माहेरच्या पातळांची. यांनी सामान बांधायला माणसं बोलावली. मी तुला पाजत आत बसलेली. त्यांनी दिसली ती गोधडी उचलली आणि फ्रीजला गुंडाळली.

ऋचा: फ्रीजला.

श्रीकांत: रेल्वेच्या डब्यातून गेला, पण एक ओरखडा आला नाही. अजून चालतोय. आतलं पाणी तू आत्ताच प्यायलीस.

ऋचा: आणि मला कशात गुंडाळलं?

कुसुम: टॉवेलात.

श्रीकांत: कंपनीच्या. नवा होता.

ऋचा: म्हणजे बघा. या घरात फ्रीजला गोधडी मिळाली. राजहंसीला मिळाली. जे बाळ येणारच नाही, त्याला सुद्धा, घास घालून, मापाने मिळाली. आणि मी जी खरोखर आली, तिला कंपनीचा टॉवेल.

कुसुम: अगं, आता चौतीस वर्षांची घोडी झालीस तू.

ऋचा: घोडीला थंडी वाजत नाही?

कुसुम: कलकत्त्यात कसली आलीये थंडी?

ऋचा: तन्मय एसी अठरावर ठेवतो. रोज रात्री.

कुसुम: अठरावर? वेडबिड लागलंय का त्याला? आणि तू काय पांघरतेस?

ऋचा: ऑनलाइनवाली एक रजई आहे. प्लास्टिकसारखी. रात्री करकर वाजते.

कुसुम: हे मला आज सांगतेस? मूल नको ते पंगतीत सांगता येतं आणि लेकरू रात्री प्लास्टिक पांघरून झोपतं, हे सांगायला लाज वाटते? उभी राहा.

ऋचा: काय?

कुसुम: उभी राहा सरळ. हात खाली. पाय मुडपून झोपतेस की लांब?

ऋचा: लांब. तन्मय मुडपून.

कुसुम: तन्मयचं मला सांगू नकोस, तो अठरावर मरेना का. अहो, मापपट्टी आणा. आणि खोलीतले ते निळे पडदे काढा.

श्रीकांत: ते पडदे कंपनीचे आहेत.

कुसुम: मागच्या वेळी कंपनीच्या फ्रीजपायी माझी गोधडी गेली. आता कंपनीचे पडदे जातील. फिटंफाट.

श्रीकांत: फ्रीज आपला होता.

कुसुम: बदली कुणाची होती?

श्रीकांत: काढतो पडदे. पण कुसुम, एक शंका. तू तर कडेकडून आत शिवत येतेस. मोठी करायची म्हणजे सगळी उसवावी लागणार. आणि त्यासाठी आधी मेजरला...

कुसुम: उसवायची कशाला? जेवढी झाली तेवढी मध्ये राहील. तिच्या चारी बाजूंनी पट्ट्या लावत बाहेर जायचं. निळी पट्टी, मग माझी ती तांताची पांढरी साडी, मग यांचे जुने शर्ट. मध्याला हात लावायचं कामच नाही.

ऋचा: म्हणजे तिला उठवायला नको.

कुसुम: तिच्यासाठी कोण करतंय? टाके उसवले की कापड फाटतं, म्हणून. तू ते कोपऱ्याचं टोक धर. नाही, असं नाही, तिच्याकडे बघू नकोस. बघितलं की चावते. इकडे माझ्याकडे बघ.

श्रीकांत: फाटकाची कडी वाजली. घोषबाबू आले. टोपली आणि दोरी, दोन्ही आहे त्यांच्या हातात.

कुसुम: त्यांना म्हणावं, चहा घ्या आणि जा.

श्रीकांत: काल तूच मला त्यांच्याकडे पाठवलंस. त्यांनी तळ्याकाठी जाळी लावून घेतलीये.

कुसुम: तिच्यावर पडवळ चढवा म्हणावं. मी बी देईन. दोन मुलींचा बाप माणूस, बसलेलीला उठवायला टोपली घेऊन येतो. काही वाटत नाही लोकांना.

श्रीकांत: आणि परवाचं हळदीकुंकू?

कुसुम: बायका आत बसतील. आंब्याची डाळ आतही तशीच लागते. आणि त्या घोषबाईला विचारायचं असेल तर विचारू दे, ही काँथा की गोधडी. मी सांगेन, राजहंसीला विचारा.

श्रीकांत: मग मी बाहेर जाऊन सांगतो, की मेजर ड्यूटीवर आहेत.

कुसुम: सांगा काहीही. ऋचा, दोरा सैल सोडू नकोस गं, हलक्या हाताने ओढ. हां. अशीच जा कडेकडेने.

ऋचा: आई, तो घास?

कुसुम: तो शेवटी. ती उठली की मध्यावर ठेवायचा आणि शिवून टाकायचं. तूच ठेव या वेळी. गूळपोळी आहे डब्यात.

ऋचा: आणि ती उठलीच नाही तर?

कुसुम: तर आणखी एक पट्टी लावू.