वरच्या रानाची माती

निपाणी स्टँडवर बोरगावची गाडी लागायची होती. बाकावर टेकलेल्या म्हाताऱ्या गुरुजींच्या कानावर शेजारच्या दोघा शेतकऱ्यांचं बोलणं पडत होतं.

"बैल दमू नयेत म्हणून मी उताराला नांगरतो. माती तपासणारा साहेब म्हणाला, असंच केलंस तर नुसता मुरूम राहील."

"खरं हाय, भरमू."

"तुझं रान माझ्या खालीच. माती वाहताना तुला दिसत हुतं न्हवं, देवाप्पा?"

"व्हय. दिसत हुतं."

"मग बोललास का न्हाईस?"

"माझी तंबाखू लई झ्याक येत हुती."

"आता आडवं नांगरतो. बांधबी घालतो. त्याला तुझ्या रानातली माती देशील?"

"ने की. बैल तुझे आण."

"माती माझीच, अन् बैलबी माझेच?"

"उतरताना ती आपली आपण आलती. चढायला बैल लागत्यात."