मायच्या हातची वेणी

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत देवळीच्या बसस्थानकावर वर्ध्याच्या गाडीची वाट पाहून तानबाचे पाय आखडले होते. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि एक तरणी पोरगी बोलत होत्या.

“सुमित्रामावशी, माही माय दिसाले कशी होती?”

“सावळी, उंच, हनुवटीवर गोंदण. किती डाव सांगू, मयुरी?”

“ते मले पाठ हाये. पण माय गेली तवा मी सहा महिन्यांची होती. आता समोर उभी राह्यली, तर वळखीन काय मी तिले?”

“तोंड तिकडे कर. कापूस वेचाले जातांनी पऱ्हाटीत केस अडकू नये म्हणून तुही माय माही वेणी घाले. लय ओढे, अन् वरून हासे. हे अशी.”

“अवं!”

“दुखलं? सैल करू?”

“नको मावशी. तिच्यासारखीच ओढ.”